पिशवीतले बाबा

सकाळी कापड बेतायच्या टेबलावर एक लांबलचक निळी पिशवी आडवी पडली होती, आणि ती पिशवी बायकोला हाका मारत होती.

"अगं ए! इकडे ये जरा. एकटीच ये. आणि आरडाओरडा करू नकोस."

बायको दारात आली आणि तिथेच थांबली. ती टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर बसायची. गळणारी पार्सलं, वास मारणारी पार्सलं, एकदा तर आतून टिकटिक करणारं पार्सल, असं सगळं तिने तिथे पाहिलं होतं. पण मिशा असलेलं पार्सल तिच्या खिडकीवर अजून आलं नव्हतं. पिशवीच्या तोंडाशी नाडी आवळलेली, आणि त्या गोल झरोक्यातून तिच्या नवऱ्याचा चष्मा, नाक आणि मिशा एवढाच ऐवज बाहेर दिसत होता.

"अहो, हे काय?"

"ट्रायल घेत होतो."

"कसली?"

"हिचीच. आणि आता चेनचा रनर अडकलाय."

नवरा टेलर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि खाली उतरायला चिंचोळा जिना. मुलगी एकुलती एक. पायाला चाकं लावून जन्मली म्हणून लाडाने तिला भिंगरी म्हणायचे. ही भिंगरी आता खरोखरच फिरायला निघाली होती. तिची शाळा मुलांना समुद्रापलीकडच्या देशात नेणार होती. तिथे बर्फाचे डोंगर चढायचे, फेसाळत्या नदीत रबरी होडी घालायची, रात्री तंबूत झोपायचं, आणि खेळाच्या बाईंच्या शब्दांत सांगायचं तर "स्वतःचं ओझं स्वतः उचलायचं". टेलरने तोंडाने हो म्हटलं होतं. मन मात्र अजून तयार व्हायचं होतं.

लेक निघाली दूर देशा, पाठीवरती तिचं घर;
बापा, तुझ्या काळजीला शिवशील किती अस्तर?

शाळेचा एक नियम होता. सामान शाळाच देणार. ते सांभाळायचं, भरायचं, दुरुस्त करायचं मुलांनी. पालकांचा हात त्याला लागता कामा नये. आज दुपारी मैदानावर सामानाची परीक्षा होती. त्यात नापास होणाऱ्याची जागा दुसऱ्याला मिळणार, आणि जागेसाठी माना उंच करून उभी असलेली मुलं काही कमी नव्हती.

हे सगळं टेलरला ठाऊक होतं. पण पहाटे चहाच्या आधी त्याची नजर त्या झोपायच्या पिशवीवर गेली. त्याने ती उलटी केली, दिव्याच्या उजेडात धरली आणि त्याच्या काळजात चर्र झालं. चेनच्या दातांमधून उजेड दिसत होता. "जिथून उजेड येतो तिथून गारठाही येणार," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि कारखान्यातल्या लोकांना काय, त्यांची पोरगी थोडीच झोपणार आहे यात!" भिंगरी पाठीवर ओझं घेऊन पळायच्या सरावाला गेली होती. तिची पाठ वळताच टेलरने मशीन सुरू केलं आणि चेनच्या आतल्या अंगाने वरपासून खालपर्यंत लोकरीची पट्टी मारून टाकली. काम झकास झालं. पण त्याच्या दुकानातून ट्रायलशिवाय रुमालसुद्धा बाहेर जात नसे. म्हणून तो आत शिरला, नाडी आवळली, आतून चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि वरच्या टोकाला नव्या पट्टीने रनरच्या तोंडात मान घातली. हात आत, रनर वर गच्च, आणि मधे स्वतःच्याच हातची मजबूत शिलाई.

"करायला गेले गणपती आणि झाला मारुती," बायको म्हणाली आणि रनर धरून ओढू लागली. रनर हलला नाही. पिशवी मात्र टेलरसकट टेबलावरून सरकली.

"अगं, पडेन! मेणबत्ती घास, मेणबत्ती!"

मेणबत्ती घासली. चेन गुळगुळीत झाली, बायकोची बोटं गुळगुळीत झाली, मिशांनाही थोडं मेण लागलं. रनर होता तिथेच.

"थांबा, कात्री आणते."

"कात्री? शाळेची वस्तू आहे ती! कापलीस तर पोरगी घरी बसेल. आणि ती मोठी कात्री खाली ठेव. कोटाची आहे ती. तिला कुणी हात लावायचा नाही."

"मग सोडवू कशी? माझा जन्म पार्सलं बांधण्यात गेला. सोडवणं हे घेणाऱ्याचं काम असतं."

तेवढ्यात जिना धडधडला आणि भिंगरी आत आली. पाठीवर ओझं, कपाळावर घाम. तिने टेबलाकडे पाहिलं. आधी पिशवीकडे, मग मिशांकडे, मग मशीनखाली सांडलेल्या लोकरीच्या कातरणांकडे.

"बाबा, तुम्ही शिवलंत."

"थोडंसं."

"आज परीक्षा आहे."

"म्हणून तर म्हटलं, जरा बघावं."

भिंगरी रडली नाही, ओरडली नाही; त्यामुळे टेलरला जास्तच वाईट वाटलं. तिने ओझं उतरवलं आणि वाकून पट्टी निरखली. "एवढा तुकडा उसवला की झालं ना? मी उसवते."

"नको, नको! तुला नाही जमायचं. एक टाका चुकलीस तर शाळेचं कापड फाटेल. तुला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"तुम्ही कधी ओवू दिलात?"

खरंच होतं ते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. टेलरच्या मुलीने जन्मात कधी बटण लावलं नव्हतं. तिचं बटण सैल झालंय हे तिला कळायच्या आत ते घट्ट झालेलं असे. मशीनजवळ गेली की "बोटात सुई जाईल", सुई उचलली की "डोळ्यात जाईल", आणि चिंधी उचलली तर "राहू दे गं, मी आहे ना".

"मग चौकातल्या टेलरला बोलावते," आई म्हणाली.

"त्याला?" पिशवी ताडकन ताठ झाली. "कॉलर उलटी लावणाऱ्या माणसाला? तो गावभर सांगत सुटेल. त्यापेक्षा मी आयुष्यभर असाच राहीन. जेवण भरव म्हणजे झालं."

"भरवते हो. बशीला तोंड लागतंय का बघा आधी."

अशी चर्चा चालू असताना दारात कपाटमामा उभे राहिले. मामा घरोघरचं सामान हलवायचे. त्यांनी ज्यातून कपाट उतरवलं नाही असा जिना त्या भागात उरला नव्हता, म्हणून हे नाव. ते आपली नवी पँट न्यायला आले होते.

"टेलर कुठायत?"

"इथे," टेबल म्हणालं. "पँट पडद्यामागे टांगलीय. घालून या. ट्रायलशिवाय देणार नाही."

मामा गुपचूप पडद्यामागे गेले आणि पँट घालून आले. झरोक्यातला चष्मा खालीवर झाला.

"वळा. हं. कंबरेत दोन बोटं सैल वाटतेय?"

"वाटतेय थोडी."

"जेवल्यावर वाटणार नाही. घेऊन जा." मग जरा घुटमळून टेलर म्हणाला, "मामा, चेन ओढता येते का बघा हो."

मामांनी ओढली. मामांचा हात म्हणजे शिसवी कपाटं उचलणारा हात. टेलर टेबलावर अर्धा उभा राहिला आणि पुन्हा आडवा झाला. पट्टीचा आणखी एक घास रनरच्या पोटात गेला.

"माल पक्का आहे," मामा आदराने म्हणाले.

घड्याळाचे काटे मुलीच्या बाजूने नव्हते. भिंगरी थोडा वेळ नखं चावत उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, "मामा, गाडी आहे ना खाली? ही झोपायची बॅग शाळेत हजर पाहिजे. बाबा आत असले तर आत असले."

"अगं, मला असं नेणार?" टेलर दचकला. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाप मुलीच्या सामानात फारच लक्ष घालतो," बायको म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मामांच्या आता अंगात आलं. त्यांनी जिना पाहिला, पिशवीची लांबी डोळ्यांनी मोजली, तळहातावर थुंकले. "आडवं जाणार नाही. डोकं वर, पाय खाली, वळणावर उभं करायचं. वहिनी, तुम्ही पायाशी धरा. पोरी, तू पुढे हो आणि 'सावकाश' म्हणत राहा. टेलर, वळणावर गुडघे दुमडायचे."

"कपाटाला कुठे गुडघे असतात?"

"म्हणून तर तुम्ही सोपे आहात."

वळणावर टेलरने गुडघे दुमडले, पण चुकीच्या वेळी. आणि पिशवी भिंत आणि कठडा यांच्या मधे पाचरीसारखी बसली. नेमकं तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. त्यांना दिसली ती एक उभी निळी गुंडाळी, वर मिटलेले डोळे, आणि खाली पाय धरून ओठ चावणारी बायको.

"अगं बाई! केव्हा झालं हे?"

"काही नाही काकू," भिंगरी म्हणाली, "बाबा परदेशी चाललेत."

"असे?" काकूंनी पदर तोंडाला लावला.

"काकू," मिशा हलल्या, "तुमचं जाकीट झालंय, संध्याकाळी घेऊन जा." काकूंचं दार धाडकन बंद झालं.

गाडीत मामांनी टेलरला दोन गाद्यांच्या मधे ठेवलं आणि सवयीने दोरही आवळला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आतून "हळू!" असा आवाज येई. सिग्नलला शेजारी थांबलेल्या एकाने कुतूहलाने विचारलं, "गाद्या बोलतात का हो?" मामा म्हणाले, "चांगल्या बोलतात."

मैदानावर मुलं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या पुढ्यात आपापलं सामान, कडेला दोरीपलीकडे पालक. खेळाच्या बाई एकेकापुढे जात होत्या. बाई बारीक चणीच्या, आवाज मात्र दोन मैदानांना पुरणारा. भिंगरीने आपली जागा घेतली. मामांनी आणि आईने तिच्या पुढ्यात, सगळ्यांच्या बॅगांच्या ओळीत, नीट रेषेत, बाबा ठेवले.

रांगेत आधी खसखस पिकली, मग हशा. बाई पुढे आल्या तसा तो गळ्यातच जिरला.

"बॅगेत काय आहे?"

"बाबा."

"सामानात बाबा सांगितले नव्हते."

"नाही बाई."

बाई खाली वाकल्या. चष्म्यासमोर चष्मा आला. "पालकांनी सामानाला हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं ना?"

"हात आतच आहेत, बाई," टेलर केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"ही पट्टी कुणाची?"

टेलरला वाटलं, सांगावं की कारखान्याचीच आहे. पण एवढी सुबक शिलाई दुसऱ्याच्या नावावर घालायला त्याची जीभ रेटेना. "माझी."

"मग ही बॅग बाद."

भिंगरीने मान खाली घातली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. टेलरला झरोक्यातून तेवढंच दिसत होतं, पण तेवढं पुरे होतं. "बाई, तिची काही चूक नाही हो! शिक्षा करायची तर मला करा."

"तुम्हाला झालेलीच दिसतेय," बाई म्हणाल्या. ओठांच्या कडेला आलेलं हसू त्यांनी शिट्टी तोंडात घालून दाबलं. मग भिंगरीकडे वळल्या. "तिकडे बर्फात तुझा तंबू फाटला तर काय करशील? बाबांना पार्सलने मागवशील?"

"पार्सल वेळेवर पोचत नाही," दोरीपलीकडून आई सवयीने बोलून गेली.

"शिवीन," भिंगरी म्हणाली.

"येतं?"

"नाही."

रांगेतली मुलं चकित झाली. टेलरची मुलगी! बाईंनी आपल्या पेटीतून सुई आणि छोटी कात्री काढून तिच्या हातात ठेवली. "पालकांची शिलाई उसव. शाळेच्या कापडाला धक्का लागता कामा नये. मग बघू."

टेलरचा जीव पिशवीत मावेना. "बाई, मला फक्त एकदा बाहेर काढा, मी चुटकीसरशी—"

"तुम्ही बाहेर असतात तर हे तिला करूच दिलं नसतंत."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात; इथे तर उंटच पिशवीत होता. भिंगरी गुडघे टेकून बसली आणि टेलर तोंडाने उसवू लागला. "वरचा टाका बघ. तो नव्हे, त्याच्या खालचा. सुईचं टोक दोऱ्याखाली घाल. आडवं! आडवं गं! कापड नाही, दोरा उचलायचा. हां. आता कात्री. अंगठा बाहेर, अंगठा—" पिशवीत त्याचे हात वळवळत होते, कधी पोटाजवळ फुगवटा येई, कधी छातीवर.

"टेलर, पिशवी हलतेय," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, श्वास आहे."

सुई सटकली आणि भिंगरीच्या बोटात गेली. रक्ताचा एक टपोरा थेंब आला. अख्खी पिशवी जमिनीवरून वीतभर उडाली. "राहू दे! राहू दे गं, पोरी! नको जाऊस कुठे, मी तुला डोंगराचं चित्र आणून देईन!"

भिंगरीने बोट तोंडात घातलं, चोखलं आणि पुन्हा सुई धरली. "बाबा."

"काय गं?"

"जरा गप्प बसता?"

टेलर गप्प बसला. भिंगरीने सुईचं टोक दोऱ्याखाली घातलं, दोरा उचलला, कापला. दुसरा. तिसरा. मग तिला दोऱ्याचं मोकळं टोक दिसलं. ते चिमटीत धरून तिने अलगद ओढलं, आणि बापाने पहाटेच्या अंधारात घातलेले टाके एकामागून एक सुटत गेले, पाटाचं पाणी शेतात सुटावं तसे. पट्टी सैल पडली. तिने ती रनरच्या तोंडातून सोडवून बाजूला केली आणि रनर खाली ओढला. सर्रर्र.

आतून टेलर उठून बसला. केस उभे, मिशांना मेण, शर्टाला घामाचं अस्तर. टाळ्या पडल्या. त्याने त्या ऐकल्याही नाहीत. त्याचे दोन्ही हात पहिल्यांदा गेले ते पिशवीकडे. "बघू, कापडाला काही—"

"हात!" बाई कडाडल्या.

हात पाठीमागे गेले.

बाईंनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. कापड शाबूत होतं. "अर्धं काम झालं," त्या म्हणाल्या. "उसवणं सोपं असतं."

"बाई," भिंगरीने विचारलं, "ही पट्टी मी लावली तर चालेल? चेनमधून उजेड दिसतो खरा."

टेलरने एवढ्या अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं, जणू उजेडाचा शोध त्यानेच लावला होता.

"तू लावलीस तर ती तुझी. उद्या सकाळी आण. मी स्वतः ओढून बघणार. टिकली तर तू चाललीस. निघाली तर तुझ्या जागी दुसरं कुणी."

त्या संध्याकाळी मशीनवर भिंगरी बसली. टेलर समोर खुर्चीवर. सुईत दोरा जाईना, त्याचा हात पुढे आला. पट्टी घसरली, हात पुढे आला. शेवटी बायको उठली, पार्सलांची सुतळी घेऊन आली. "अहो, हात मागे करा."

"बांधतेस की काय?"

"तुमच्याच्याने राहवणार नाही."

टेलरने निमूटपणे हात मागे केले. टपाल कचेरीतली गाठ बसली. मग कुठे मशीन चाललं. आधी अडखळत, मग धावत, मग भलतीकडेच. दोरा तुटला, भिंगरीने पुन्हा ओवला. पट्टी चुणली, तिने उसवली, पुन्हा बेतली. टेलरचे पाय खुर्चीखाली नसलेल्या पायडलवर चालत होते, ओठ न बोलता टाके घालत होते. तेवढ्यात जाकीट न्यायला खालच्या काकू आल्या. काल-परवापर्यंत धडधाकट असलेला माणूस सकाळी गुंडाळलेला आणि संध्याकाळी खुर्चीवर हात बांधलेला पाहून त्या दारातूनच म्हणाल्या, "उद्या येते हो. तुम्ही त्यांना सांभाळा."

सकाळी मैदानावर बाईंनी पट्टीचं टोक दोन्ही हातांत धरलं. भिंगरीने श्वास रोखला. तिची आई, मामा, आणि हात मोकळे असूनही पाठीमागे घट्ट धरून उभा असलेला टेलर, तिघांनीही रोखला. बाईंनी हिसका दिला. पट्टी हलली नाही. बाईंनी पाय रोवून दुसरा हिसका दिला. बाई हलल्या, पट्टी नाही. मग त्यांनी आत शिरून चेन वर केली, खाली केली. रनर निमूट गेला, निमूट आला.

"पक्की आहे," बाई म्हणाल्या. "चल. जागा तुझी."

मुलांनी गलका केला. कपाटमामांनी नव्या पँटच्या खिशातून रुमाल काढला आणि "धूळ फार आहे इथे" असं म्हणत डोळे पुसले. भिंगरी पिशवी छातीशी धरून दोरीपाशी धावत आली आणि ती बापापुढे पसरली. शिलाई पट्टीच्या या कडेवरून त्या कडेवर गेली होती, मधेच थबकली होती, एका जागी तर स्वतःलाच ओलांडून मागे आली होती. टेलर त्या टाक्यांकडे बघत राहिला. असली शिलाई त्याने गिऱ्हाइकासमोर उभीच केली नसती.

"बाबा, खरं सांगा. फार वाकडी झालीय ना?"

धंद्यात तो खोटं कधी बोलला नव्हता.

"वाकडी आहे," तो म्हणाला. "पण बरंच आहे. वारा सरळ येतो, बाळा. त्याला आत शिरायला वाट सापडायची नाही."